सरासरीची जात

सकाळी पावणेसहाला चिकपेट मेट्रो स्टेशनातून वर आलं की दिवसाची पेठ ओळखू येत नाही. साड्यांच्या दुकानांची शटर्स खाली असतात, हमाल भिंतीला टेकून चहा पीत असतात आणि पौरकार्मिक बायका कालच्या गर्दीचा कचरा झाडूने एका कडेला घेत असतात. डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूचं पहाटेचं तापमान सोळा अंशांच्या आसपास उतरतं. उत्तरेकडच्यांना ही थंडी हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. नळाच्या पाण्यात हात घातला की मत बदलतं.

मी संशोधनासाठी ज्या घरात जाते ते एका गल्लीत, सोनं गाळायच्या कारखान्याच्या वर आहे. घर म्हणजे एक खोली, मोरी आणि जिन्याखाली सामायिक संडास. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत पसरले, तसे इथल्या पेठांतही आले. त्यांच्यावर मराठीत बरंच अभिमानाने लिहिलं जातं. भट्टीच्या मालकीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, भट्टीपाशी हेल्पर म्हणून उभ्या असलेल्या माणसाकडे कमी. हे कुटुंब त्या हेल्परचं आहे. गावातलं बौद्ध घर. मालकही त्याच गावचा, वेगळ्या आळीतला. गावातलं अंतर सातशे-आठशे किलोमीटर प्रवास करून जिन्याएवढं झालंय, एवढाच फरक.

घरात चौघं. थोरली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. धाकटा दहावीत. मोरीत बादली आणि बादलीवर आडव्या लाकडाला टांगलेला हीटरचा रॉड. मी विचारलं, किती बादल्या तापवता? आई म्हणाली, "पोरांच्या दोन, ह्यांची एक. माझं चालतंय गार. हितं थंडी गावाकडच्यावानी न्हाई, पर पाणी लई गार असतंय ताई." गावाकडे न्हाणीपुढे चूल होती, काटक्या फुकट होत्या. इथे काटक्या नाहीत, धूर केला तर शेजारी भांडतात आणि ओनर खोली सोडायला सांगतो.

या रॉडचा हिशेब करू. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला साधारण ०.४५ युनिट लागतं. म्हणजे दीड हजार वॅटचा रॉड अठराएक मिनिटं. तीन बादल्यांना दिवसाला १.३५ युनिट, महिन्याला चाळीस. आईनेही गरम पाण्याने आंघोळ केली तर चोपन्न. हा चोपन्नचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

कर्नाटकात गृहज्योती योजना आहे. २०२३ मध्ये ऑगस्टच्या ५ तारखेला कलबुर्गीत तिचं उद्घाटन झालं. बाहेर तिचं वर्णन 'दोनशे युनिट मोफत' असं होतं. महाराष्ट्रातले मित्र मला विचारतात, "तुमच्याकडे तर लाइट फुकट ना?" योजना चांगली आहे हे आधीच सांगते, कारण तिच्यावर टीका केली की 'रेवडी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं जाण्याची भीती असते. ज्या घरांना शून्याचं बिल आलं त्या घरांतल्या बायकांच्या हातात महिन्याचे तीन-चारशे रुपये उरले, आणि ते खरे पैसे आहेत. माझी तक्रार फुकट देण्याबद्दल नाही. कोणाला किती, हे ठरवण्याच्या रीतीबद्दल आहे.

दोनशे युनिट ही फक्त वरची मर्यादा आहे. तुमचा प्रत्यक्ष हक्क ठरतो २०२२-२३ मधल्या तुमच्या मासिक सरासरीवरून, अधिक दहा टक्के. सरासरी १८० असेल तर १९८ युनिट मोफत. सरासरी ४० असेल तर दहा टक्क्यांनी चव्वेचाळीसच होतात. त्यावर ओरड झाली, आणि ४८ युनिटांपेक्षा कमी वापरणाऱ्यांना दहा टक्क्यांऐवजी सरसकट दहा युनिट जास्त द्यायचं २०२४ च्या सुरुवातीला ठरलं. म्हणजे पन्नास. एप्रिल २०२५ पासूनच्या ५ रुपये ८० पैसे या घरगुती दराने मोजलं, तर पहिल्या घराला सरकार महिन्याला जवळपास ११५० रुपयांची वीज देतं आणि दुसऱ्याला २९० रुपयांची. योजना दोघांची एकच.

पहिल्या घरात गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन आधीपासून होतं. दुसऱ्या घरात एक पंखा, दोन दिवे आणि फोनचे चार्जर. दुसऱ्या घराने वीज कमी वापरली ती काटकसरीची हौस म्हणून नव्हे. घेण्यासारखं काही नव्हतं म्हणून, बिलाची भीती होती म्हणून. आता तीच भीती त्यांच्या हक्काचं माप झाली. ज्याला काल कमी मिळालं त्याचा आजचा वाटाही कमी, आणि हे कोणी दुष्टपणाने केलं नाही, नियमानेच केलं. आपल्यापैकी ज्यांनी गावात वाटणी पाहिली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मी या लेखाला दिलेलं शीर्षक काहींना ताणलेलं वाटेल. सरासरीला जात नसते, मान्य. पण कोणाच्या घरात गिझर आधी आला आणि कोणाच्या घरात अजून नाही, हे कोणत्या क्रमाने घडलं ते एकदा आपल्याच नात्यागोत्यात आणि आपल्याच वर्गमित्रांच्या घरांत मोजून पाहा.

हिवाळ्यात हे माप आणखी आखडतं. सरासरी बारा महिन्यांची, थंडी दोन-तीन महिन्यांची. हक्क साठ युनिटांचा असेल तर मेमध्ये त्यातले पंधरा वाया जातात आणि जानेवारीत तीस कमी पडतात. मेमधले उरलेले पुढे ओढता येत नाहीत. ज्यांच्याकडे सरासरीचा इतिहासच नाही, म्हणजे नवी जोडणी किंवा नवे भाडेकरू, त्यांना राज्याची सरासरी धरतात : ५३ युनिट, अधिक दहा टक्के, म्हणजे ५८. आता मघाचा चोपन्न आठवा. चौघांच्या कुटुंबाने डिसेंबरात रोज एकेक बादली गरम पाणी घेतलं, तर ५८ मधले चार युनिट उरतात. दिवा, पंखा, मिक्सर, फोन आणि दहावीच्या मुलाचा रात्रीचा अभ्यास त्या चारांत बसवायचा. आईची बादली गार का, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

पण चिकपेटच्या या घराला ५८ सुद्धा मिळत नाहीत. योजना घरगुती मीटरला आहे आणि खाली कारखाना असलेल्या या इमारतीचा मीटर व्यापारी. खोल्यांना ओनरने आपले सब-मीटर बसवले आहेत. बेस्कॉमच्या दप्तरी ही खोली घर नाहीच. ओनर युनिटला दहा रुपये घेतो. नोव्हेंबरात ६१ युनिट झाले, ६१० रुपये. डिसेंबरात ९६ झाले, ९६० रुपये. हेच ९६ युनिट त्यांच्या स्वतःच्या घरगुती मीटरवर पडले असते, तर ५८ वजा जाऊन ३८ चे पैसे लागले असते. अधिभार आणि कर धरूनही अडीचशेच्या आसपास. वरचे सातशे रुपये हे या घराने मीटर नसल्याबद्दल भरलेलं बिल आहे. विजेचं नव्हे.

स्वतःचा मीटर का घेत नाही, असं मी पहिल्या भेटीत विचारलं होतं. संशोधक असे प्रश्न फार सहज विचारतात. मीटर ओनरच्या नावावर लागतो, त्याला मालमत्तेचे कागद लागतात. भाडेकरू म्हणून योजनेत नाव घालायचं तर भाडेकरार हवा किंवा त्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र. करार नाही, कारण करार केला की भाडं कागदावर येतं. मतदार ओळखपत्र गावचं आहे, कारण गावचं नाव कापलं तर तिथल्या रेशनचं आणि घरकुलाच्या यादीचं काय होईल ही धास्ती. शिवाय जास्त विचारणा केली तर खोली जाते, आणि दुसरी शोधताना आडनावावरून पुढचे प्रश्न सुरू होतात. या शेवटच्या मुद्द्यावर मुलीचे वडील पहिल्यांदा बोलले, तेही एकच वाक्य : "हितं निदान कुणी इचारत न्हाई." त्या न विचारण्याची किंमत त्यांच्या लेखी महिन्याला सातशे रुपये आहे. मी त्यावर वाद घातला नाही.

दुसरीकडे हे वेगळं झालेलं आहे. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटांपर्यंत वापरणाऱ्या घराला शून्य बिल येतं. तिथे तुमची मागच्या वर्षाची सरासरी कोणी विचारत नाही. त्याच सप्टेंबरात भाडेकरूंसाठी वेगळ्या प्रीपेड मीटरची सोय झाली, आणि त्यासाठी घरमालकाचं ना-हरकत पत्र लागणार नाही असं ठरलं. कागदावरची सोय प्रत्येक गल्लीत पोचली असेल असं नाही. पण भाडेकरू हा विजेचा ग्राहक असू शकतो, एवढं तरी त्या नियमाने मान्य केलं. कर्नाटकाने २०२४ मध्ये घर बदलणाऱ्या भाडेकरूंना जुन्या मीटरवरून आपलं नाव सोडवून घ्यायची सोय दिली, ती उपयोगाची आहे. पण आधी नाव कुठेतरी जोडलेलं असावं लागतं.

बेंगळुरूत गरम पाण्याची एक फुकट वाट आहे, सूर्य. इथे ठरावीक आकारापुढच्या घरांवर सोलर वॉटर हीटर लावणं बंधनकारक आहे आणि लावणाऱ्याला बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला कमाल ५० रुपये सूट मिळते. ज्याला छप्पर आहे त्याला ऊन मिळतं आणि सूटही मिळते. जिन्यावरच्या खोलीला छप्पर नसतं, तिच्यावर दुसरी खोली असते. त्यातच स्थिर आकार किलोवॅटमागे १२० वरून १४५ झाला, आणि वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागे ३६ पैशांचा अधिभार एप्रिल २०२५ पासून लागला. ओनर दर वाढवताना हेच दोन आकडे पुढे करतो. तो पूर्ण खोटं बोलत नाही, हीच अडचण आहे.

या पेठेत वीज ही जुनी गोष्ट आहे. शिवनसमुद्रचं जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये सुरू झालं तेव्हा वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, जवळपास दीडशे किलोमीटर लांब. बेंगळुरूला ती आली १९०५ मध्ये, तीही ऑगस्टच्या ५ तारखेलाच, आणि पहिले दिवे लागले ते इथून चालत जाता येईल अशा सिटी मार्केटपाशी. कोलारच्या खाणीत खाली उतरणाऱ्यांत तमिळ मुलखातून आलेले दलित मजूर मोठ्या संख्येने होते. सोनं, वीज आणि जात यांची गाठ इथे १२० वर्षांपूर्वी पडली आहे. भट्टीवरच्या हेल्परच्या खोलीत ती मला पुन्हा दिसली.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा वीज त्यांच्या खात्यात होती, हे आपण जयंतीच्या भाषणांत फारसं सांगत नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी तांत्रिक प्रश्नांच्या आधी वीज कशासाठी हवी हा प्रश्न घेतला. दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटायला उद्योग हवेत, उद्योगांना वीज हवी, आणि ती स्वस्त व मुबलक असली पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. मुबलक हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मागच्या वर्षी जेवढी वापरलीत तेवढीच, अधिक दहा टक्के, हे मुबलकच्या बरोबर उलट आहे.

आणि गरम पाणी ही चैन आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी. पेठेत पहाटे झाडणाऱ्या बायकांपैकी बहुतेक दलित आहेत. काम संपवून त्या बसमध्ये चढतात तेव्हा शेजारची सीट रिकामी होते. ज्यांना शतकानुशतकं अस्वच्छ ठरवलं त्यांनाच स्वच्छ राहण्याचा खर्च सगळ्यात जास्त पडतो. भट्टीवरून अ‍ॅसिडचा वास घेऊन आलेल्या माणसाला गार पाण्याचा एक तांब्या पुरत नाही. दहावीतल्या मुलाला वर्गात कोणी वासावरून बोललं तर तो घरी सांगत नाही, त्याची बहीण मला सांगते.

माझ्या मते मागण्या तीन आहेत. सरासरी काढून टाका आणि प्रत्येक घराला ठरावीक किमान युनिट सारखेच द्या, शंभर म्हणा. वर्षाचा हिशेब वर्षाला करा, म्हणजे उन्हाळ्यात उरलेले हिवाळ्यात वापरता येतील. व्यापारी इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला ओनरच्या सहीशिवाय घरगुती मीटर द्या. तिसरी सगळ्यात अवघड, कारण पेठेतल्या इमारतींचे कागद स्वतःच गोंधळलेले आहेत. म्हणून ती आधी मागायला हवी. वीज नियामक आयोग दरांवर जनसुनावणी घेतो आणि कोणीही लेखी हरकत पाठवू शकतो. तिथे उद्योगांच्या संघटना नेमाने जातात, भाडेकरू जवळजवळ कधीच जात नाहीत. घरात बिल वाचणारे आपणच आहोत, तर हरकतीचं एक पान लिहिणंही आपल्याकडेच येतं.

मागच्या शनिवारी गेले तर थोरलीने सब-मीटरच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीने रोजचं रीडिंग मांडायला सुरुवात केली होती. रविवारचा आकडा सगळ्यात मोठा, त्या दिवशी डोकी धुतात. ओनरकडे मुख्य मीटरचं बिल बघायला मागावं का, असं तिने विचारलं. आई लगेच म्हणाली, "परीक्षा हुंद्या आधी." परीक्षा मेमध्ये आहे.