राणीच्या बागेचा दरवाजा

गिरणगावातल्या कितीएक मुलांनी पहिला हत्ती पाहिला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत. १८६२ साली खुली झालेली ही बाग आणि तिच्या आवारातील १८७२ चे वस्तुसंग्रहालय म्हणजे कष्टकऱ्यांची बिनभिंतींची शाळाच. २०१६ साली बागेत सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले आणि २०१७ साली प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये, म्हणजे दसपट झाले. प्राण्यांच्या निगेला पैसा लागतो, हे मान्य. परंतु आणखी एक मूल आत आल्याने पेंग्विनच्या मासळीचा खर्च वाढत नाही. तो भार महापालिकेच्या करांनी उचलावा, तिकिटाच्या खिडकीने नव्हे. निदान सुट्टीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी हा दरवाजा सर्वांना विनाशुल्क उघडावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून लावून धरली पाहिजे.