साक्ष कोणाच्या शब्दांत लिहिली जाते?

अमेरिकेच्या न्यायालयांत कोर्ट रिपोर्टर बसतो. साक्षीदाराचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा टिपणे हे त्याचे काम. आपल्या सत्र न्यायालयांत बहुतेक वेळा साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचा आशय सांगतात आणि स्टेनो तो टाइप करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३११ सांगते की साक्ष साधारणपणे कथनाच्या रूपात घ्यावी. प्रश्नोत्तरे तशीच लिहून घ्यायची की नाही, हे न्यायाधीश ठरवतात.

ॲट्रॉसिटीच्या खटल्यात हा साधा कारकुनी फरक राहत नाही. कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये नेमके कोणते शब्द उच्चारले, ते लोकांच्या नजरेसमोर घडले का, यावर गुन्हा उभा राहतो. बाई आपल्या बोलीत सगळे सांगते: कोण काय म्हणाला, ओट्यावर कोण उभे होते. कागदावर उरते एक वाक्य, 'आरोपीने जातीवाचक शिवीगाळ केली.' अपिलात ती बाई उभी नसते, तो कागद असतो. मग शब्द कुठे आहेत, असे विचारले जाते.

यावर उपाय कायद्यातच आहे. कलम १५अ(१०) नुसार या कायद्याखालच्या कामकाजाचे व्हिडिओ चित्रण व्हायलाच हवे. ही तरतूद २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. जामिनाची सुनावणीही त्यात येते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. शिवाय संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते. नोंद त्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर समजावून सांगावी लागते. त्याने चूक दाखवली तर न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतात किंवा हरकतीची नोंद ठेवतात.

पण भरल्या कोर्टात 'साहेब, मी असं म्हणाले नव्हते' हे एकटीने म्हणणे सोपे नाही. म्हणूनच कलम १५अ(१२) ने पीडितांना सामाजिक कार्यकर्ते, संस्था किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क दिला आहे.

इथे आपली गरज आहे. घरात पहिल्यांदा पदवी आली ती फक्त नोकरीचे अर्ज भरण्यासाठी नाही. वस्तीतल्या कोणाची साक्ष असेल तर आधी तिच्याशी बोला. चित्रणाची मागणी वकिलामार्फत लेखी द्या. सही करण्यापूर्वी साक्ष वाचून घ्यायला सांगा. आणि स्टेनोच्या जागा निघतात तेव्हा लघुलेखन शिकून तिथेही पोहोचा. जिथे आपले बोलणे लिहिले जाते, त्या टेबलावर आपली माणसे हवीत.