दूरस्थ पदवी आणि प्रदूषणाची मोजदाद

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या नियमावलीने दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण एका चौकटीत आणले. मान्यताप्राप्त संस्थांनी या मार्गांनी दिलेल्या पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष समजल्या जातील, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. पर्यावरणीय विषविज्ञान आणि प्रदूषण-मापन यांसारखे विषयही आता पदव्युत्तर पातळीवर पडद्यावरून शिकता येऊ लागले आहेत. ही सोय स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु कायद्याने बहाल केलेली समानता प्रत्यक्ष ज्ञानात आणि कौशल्यात उतरते काय, हा प्रश्न याच विषयाच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो. साहित्याच्या पदवीधराचे ज्ञान अपुरे राहिले, तर त्याची झळ बहुतांशी त्यालाच लागते. नदीच्या पाण्यातील शिशाचे प्रमाण चुकीचे नोंदविले गेले, तर ती झळ ते पाणी पिणाऱ्या गावाला लागते.

या शिक्षणाची निकड वादातीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक परिसरांची पाहणी केली. तेव्हा अत्यंत प्रदूषित ठरलेल्या ४३ परिसरांत महाराष्ट्रातील चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर यांचा समावेश होता. अशा ठिकाणी राहणाऱ्या शिक्षकाला, कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विज्ञान पदवीधराला अथवा संसारामुळे गाव सोडू न शकणाऱ्या स्त्रीला दोन वर्षे पुण्या-मुंबईत राहणे परवडणारे नसते. अशा शिक्षणाचा मोठा खर्च शुल्काचा नसून बुडालेल्या पगाराचा आणि परगावच्या निवासाचा असतो. तो खर्च वाचतो, हे दूरस्थ शिक्षणाचे खरे बलस्थान होय.

पडद्याची मर्यादा

विषविज्ञानाचा मोठा भाग पडद्यावरून उत्तम शिकविता येतो. मात्रा आणि परिणाम यांचे नाते, विषारी द्रव्ये अन्नसाखळीत कशी साठत जातात, हवेतील सूक्ष्म कणांची मानके कशी ठरतात, हे समजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा अवघी ५ आहे. या तफावतीमागील शास्त्र आणि अर्थकारण यांची चिकित्सा घरी बसूनही करता येईल. आकडेवारीचे विश्लेषण तर संगणकावरच करावयाचे असते.

तथापि मापनाचा आरंभ संगणकावर होत नाही. तो नाल्याच्या तोंडाशी होतो. धातू तपासावयाचे असतील तर नमुन्यात नत्राम्ल घालावे लागते. सेंद्रिय प्रदूषण तपासावयाचे असेल तर नमुना थंड ठेवून त्वरेने प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि सत्तावीस अंश तापमानात तीन दिवस ठेवून त्यातील प्राणवायूची घट मोजावी लागते. बाटली कोठे बुडवावी, किती भरावी, कशी धुवावी, हे हाताला वळण लागल्याशिवाय साधत नाही. शिवाय नमुना हा पुरावाही असतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमानुसार कारखानदाराला सूचना देऊन नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, ते मोहोरबंद करून त्यांवर सह्या घ्याव्या लागतात. ही रीत पाळली गेली नाही, तर पृथक्करण कितीही अचूक असले तरी न्यायालयात त्याला किंमत उरत नाही.

पदवीचे मोल

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली पदवीकडे एक संकेत म्हणून पाहिले. उमेदवाराची पात्रता मालकाला थेट दिसत नसते. पदवी ती सुचविते. परंतु अपात्राला पदवी मिळविणे पात्रापेक्षा जड जात असेल, तेव्हाच हा संकेत विश्वसनीय ठरतो. हातकाम न तपासता केवळ लेखी उत्तरांवर पदवी मिळू लागली, तर दोघांचे श्रम सारखेच होतील आणि संकेताचा अर्थ लोपेल. त्यात सर्वाधिक नुकसान प्रामाणिकपणे शिकणाऱ्याचे होईल.

यावर उपाय अशक्य नाही. सिद्धान्त पडद्यावर शिकवावा आणि प्रत्येक सत्रात काही आठवडे प्रात्यक्षिकांसाठी सक्तीने राखून ठेवावेत. जिल्ह्याच्या गावी असलेल्या विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा सुट्यांत रिकाम्या असतात. त्यांचा यासाठी उपयोग करता येईल. नमुना घेण्याची परीक्षा मात्र प्रत्यक्ष नदीकाठीच, बाहेरच्या परीक्षकासमोर व्हावी.

तरीही केवळ शिक्षण सुधारून भागणार नाही. अनेक राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांत मंजूर पदे रिक्त आहेत. ती भरली गेली नाहीत, तर या पदवीधरांना खाजगी सल्लागार संस्थांचीच वाट धरावी लागेल, आणि तेथे मोजणाऱ्याचे वेतन बहुधा ज्याचे प्रदूषण मोजावयाचे तोच देतो. गुजरातमध्ये २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. जुन्या पद्धतीत लेखापरीक्षकांचे पुष्कळसे आकडे मर्यादेच्या किंचित खालीच येऊन थबकत. कारखान्याला परीक्षक निवडू न देता तो चिठ्ठीने नेमला, त्याला सामाईक निधीतून वेतन दिले आणि त्याच्या मोजणीची फेरतपासणी केली, तेव्हा अहवाल सत्याच्या पुष्कळ जवळ आले, इतकेच नव्हे तर कारखान्यांचे प्रदूषणही घटले. जुन्या परीक्षकांना मोजता येत नव्हते असे नव्हे. खरे मोजणे त्यांना परवडत नव्हते.

तेव्हा या अभ्यासक्रमांचा विचार शिक्षणखात्यापुरता मर्यादित ठेवणे चुकीचे होईल. पडद्यावरून शिकलेला तरुण हाताने नमुना घेण्यास शिकला पाहिजे, त्याच्यासाठी मंडळांत जागा असली पाहिजे आणि खरा आकडा लिहिल्याबद्दल त्याची भाकरी जाता कामा नये. यांपैकी एक जरी दुवा निखळला, तरी पदव्यांची संख्या वाढेल आणि नद्या आहेत तशाच राहतील.