दोन शहरांची एकच क्षितिजरेषा

शनिवारवाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचे शिखर दिसत असे, असे जुने पुणेकर सांगत आले आहेत. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याचे मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले. तेव्हा या गोष्टीची शहानिशा आता कोणास करता यावयाची नाही. परंतु ती खरी मानणे पुण्यास कधी जड गेले नाही, यातच त्या शहराच्या घडणीचे मर्म आहे. वर पर्वती, खाली देवळांचे कळस आणि त्यांच्याही खाली वाड्यांची कौले, असा तो क्रम होता.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडची घडण निराळी, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहेच; पण त्या नगरीचे आजचे रूप १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाल्यापासून घडले. लांबच लांब कारखाने, पाण्याच्या टाक्या, कामगारांच्या वसाहती! श्रमिकांचे शहर जसे दिसावे तसे ते दिसे.

आज मुळेच्या एका तीरावर बालेवाडी व दुसऱ्या तीरावर वाकड उभे आहे; मनोरे तेच, काचाही त्याच. मधली नदी नसती तर कोणती नगरी कोठे संपते हे नगरसेवकांनाही सांगता आले नसते.

आमचा विरोध उंचीला नाही. शनिवारवाड्याभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास २०१० च्या कायद्याने बंदी आहे. तेथील जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना दुरुस्तीसाठीसुद्धा परवानगी काढावी लागते. ज्यांच्या डोक्यावरची तुळई कुजत आहे, त्यांना वारशाचे प्रवचन ऐकविणे निर्दयपणाचे होय. ठरावीक उंचीपर्यंत त्यांना घर बांधू द्यावे. एका जागी सरसकट बंदी आणि चार कोसांवर सरसकट मोकळीक, यास नगररचना म्हणता येत नाही.

ज्या बाजीरावांनी शनिवारवाडा बांधला, त्यांच्या मस्तानीची समाधी शिरूर तालुक्यात पाबळ येथे आहे. ती बैठी आहे. त्याच गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाचे घुमट आहेत. गरज पाहून बांधलेले, कोणाची नक्कल न केलेले. पाबळच्या एका अंगास चाकण आहे, दुसऱ्या अंगास रांजणगाव; दोन्हीकडे कारखाने. मनोऱ्यांची लाट तेथवर पोहोचावयास फार काळ लागणार नाही. समाधीच्या परिसरात किती उंच बांधू द्यावयाचे, याचा ठराव पाबळच्या ग्रामसभेने आताच करावा आणि नियोजन अधिकाऱ्यांनी तो मानावा. पहिला नकाशा मंजुरीस येण्यापूर्वी.