कोट्याची मोजणी नव्यानेच हवी

एकाच डिस्कवर अनेकजण काम करतात तेव्हा प्रत्येकाला जागेचा कोटा ठरवून देतात. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल-व्यवस्थेत या हिशेबाची वही पूर्वी साध्या फाइलीत असे. २०१२ पासून ती व्यवस्थेच्याच पोटात, ३ व ४ क्रमांकांच्या छुप्या नोंदींत ठेवता येते. हा बदल करताना वापराचे जुने आकडे तसेच उतरवून घेणे मला मान्य नाही. मध्येच वीज गेली असेल, तर ते चुकलेले असू शकतात. मग डिस्क मोकळी असूनही एखाद्याचा प्रबंध साठवला जात नाही! मर्यादा माणसाने ठरवलेली, ती जुनीच राहावी. वापर मात्र फाइल-फाइल तपासून पुन्हा मोजावा. ट्यून२एफएस हा प्रोग्रॅम डिस्क वापरातून काढायला लावतो, तो यासाठीच. मोठ्या डिस्कला वेळ लागतो, लागू द्या.