बेपत्ता

पोर्ट ब्लेअरला पोस्टिंग होती तेव्हा तांबरमहून एएन-३२ ने बऱ्याच फेऱ्या झाल्या. कडेच्या बाकावर बसायचं, गुडघे सामानाला टेकवायचे, कानात कापूस. खाली नुसतं पाणी. अशाच एका फेरीत हँडली पेज एच.पी. ४२ विषयी वाचलं आणि त्या धुडाच्या प्रेमातच पडलो.

१९३१ साली इम्पीरियल एअरवेजच्या सेवेत आलेलं हे दुपंखी विमान. पंखांचा पसारा जवळजवळ ४० मीटर, इंजिनं चार आणि वेग ताशी जेमतेम १६० किलोमीटर! प्रवासी पंखांच्या पुढे आणि मागे बसत, म्हणून इंजिनांचा आवाज कमी. वर स्टुअर्ड गरम जेवण वाढणार. (आमच्या नशिबी पुरी-भाजीचं पाकीट.) कैरो ते कराची या टप्प्यावर ती उडत, मुक्काम शारजाच्या किल्ल्यात.

वेगाची खूप टिंगल झाली. पण शांततेच्या काळातल्या नागरी सेवेत त्या आठ विमानांतला एकही प्रवासी दगावला नाही. त्या काळात हे सोपं नव्हतं. मी तरी असल्या संथ विमानात डोळे मिटून बसेन.

मग युद्ध आलं. १ मार्च १९४० रोजी 'हॅनिबल' जास्कहून शारजाला निघालं आणि ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आत आठ जण, त्यांत मद्रासचे नेते ए. टी. पन्नीरसेल्वम. कारण आजतागायत कळलेलं नाही.

२२ जुलै २०१६ ला आमच्याच त्या तांबरम-पोर्ट ब्लेअर मार्गावर एएन-३२ गेलं. २९ जण. काही आठवड्यांनी कागदावर 'मृत गृहीत' लिहिलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल पाण्यात, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित यानाने टिपलेले अवशेष त्याच विमानाचे असावेत, असं सरकारने जाहीर केलं.

एका परिचिताने विचारलं, "साडेसात वर्षांनी शोधून मिळालं काय?" मला राग आला. फौजेत माणूस गेला तर तिरंग्यात घरी येतो, गाव जमतं, आई रडून घेते. बेपत्ताच्या घरी तेराव्याची तारीखसुद्धा कुणी ठरवू शकत नाही. अशा शोधाचा खर्च मोहिमेच्याच खर्चात धरायला हवा, आणि तो मागायला घरच्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये.