आवाजाचं ऑपरेशन : करू की नको?

गेले काही महिने एकच विषय डोक्यात घोळतोय, आणि घरात प्रत्येकाचं त्यावर वेगळं मत आहे. म्हटलं, एकदाच सगळं लिहून काढावं. म्हणजे मावशीला, आत्याला आणि दादाला वेगवेगळं समजवायला नको!

विषय माझ्या आवाजाचा. मी ट्रान्सजेंडर स्त्री आहे हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहेच. हार्मोन्स सुरू होऊन तीन वर्षं झाली. त्वचा बदलली, चेहरा बदलला, आवाज मात्र होता तिथेच. "एवढ्या गोळ्या घेतेस, मग आवाज कसा नाही बदलला?" हा मावशीचा दर भेटीतला प्रश्न. तर मावशी, वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. नंतर इस्ट्रोजेन घेतलं म्हणून ते पुन्हा आखूड होत नाहीत. वाढलेली उंची कमी होते का? तसंच हे.

आत्याला वाटतं की गळ्यावरचा कंठमणी घासून घेतला की काम झालं. ते ऑपरेशन वेगळं. त्याने गळा दिसायला सपाट होतो, आवाजाची पट्टी चढत नाही. उलट जरा जास्त घासलं गेलं तर स्वरतंतू जिथे पुढे जोडलेले असतात तिथेच धक्का लागून आवाज बिघडू शकतो.

आता खऱ्या पर्यायांकडे येते.

पहिला, जपानच्या डॉ. इस्शिकी यांचा. १९७४ मध्ये त्यांनी स्वरयंत्राच्या कूर्चांवरच्या ऑपरेशनचे चार प्रकार मांडले, त्यातला हा चौथा. गळ्याला बाहेरून छेद देऊन स्वरयंत्राच्या दोन कूर्चा टाक्यांनी जवळ आणतात, म्हणजे स्वरतंतू ताणले जातात. तंबोऱ्याची खुंटी पिळल्यासारखं. फरक लगेच कळतो, पण अनेकींचा आवाज काही काळाने पुन्हा उतरतो. शिवाय पट्टी वरखाली करायचा जो स्नायू, त्यालाच हालचालीला जागा उरत नाही. मग बोलणं एकसुरी, पातळ होऊ शकतं.

दुसरा, जर्मनीच्या डॉ. वेंडलर यांच्या नावाने ओळखला जाणारा. हा तोंडातून करतात, बाहेर व्रण नाही. दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या भागावरचं अस्तर काढून तेवढा भाग एकमेकांना शिवतात. कंप पावणारी लांबी कमी झाली की पट्टी चढते. तार मध्येच दाबली की स्वर चढतो ना, तसं. हा बदल पहिल्यापेक्षा टिकाऊ. पण आवाजाचा जोर कमी होतो, खालचे स्वर जातात. आधी काही दिवस पूर्ण मौन, मग काही महिने घोगरेपणा, आणि काहींचा तो राहूनही जातो. नाही आवडलं म्हणून टाके उसवून जुना आवाज परत मिळेल, असंही नाही.

तिसऱ्या प्रकारात स्वरयंत्राचा पुढचा भागच कापून ते लहान करतात आणि गळ्यात थोडं वर उचलून बांधतात. सगळ्यात मोठी चिरफाड. मी तो विचार सोडून दिलाय.

दादाचं म्हणणं, "चांगला डॉक्टर बघ आणि मोकळी हो." पण दादा, नुसती पट्टी म्हणजे आवाज नव्हे. पुरुषाचं बोलणं साधारण १०० ते १३० हर्ट्झवर आणि बाईचं १८० ते २२० वर असतं हे खरं. तरी आवाजाचा घुमारा, वाक्याचा चढउतार, शब्दांवरचा जोर यावरही ऐकणारा ठरवत असतो. पहिली दोन ऑपरेशनं घुमाऱ्याला हातही लावत नाहीत. तो स्पीच थेरपिस्टकडे बसून, रोज रियाज करूनच बदलावा लागतो. म्हणजे ऑपरेशन करा वा नका करू, रियाज काही चुकत नाही!

मग ऑपरेशन हवंच कशाला? त्याचंही उत्तर आहे. कमावलेल्या आवाजावर सतत पहारा ठेवावा लागतो. झोपेतून उठताना, खोकताना, ठेच लागल्यावर जुना आवाज निसटतो. बसमध्ये असा आवाज निसटला आणि दहा माना वळल्या, तर एखादीसाठी तो नुसता संकोच नसतो, धोका असतो. त्यामुळे "हौस आहे झालं" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. मुलाचा आवाज वयात येऊनही बारीक राहिला, तर थेरपीनेही न उतरल्यास त्याची पट्टी खाली आणायचं ऑपरेशन असतं. इस्शिकींच्याच यादीतलं, तिसरं. त्याला कोणी हौस म्हणत नाही.

पण ऑपरेशन केलं नाही तर बाई अपुरी, हेही मला मान्य नाही. गंगूबाई हनगल आठवा. गळ्यावरच्या उपचारानंतर त्यांचा आवाज भरदार, पुरुषी म्हणावा असा झाला आणि त्याच आवाजाने त्यांनी किराणा घराणं गाजवलं. त्या बाई आहेत का, असं कोणी विचारलं नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की स्वतःचं लिंग सांगण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्नच उलटा विचारायला हवा. आवाज किती बायकी होईल, हा नाही. काय गमावलेलं मला चालेल, हा. एखादी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करत असेल तर तिला जोर कमी झालेला चालेल. मी दिवसाचे चार तास दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचला नाही तर माझं पोटच धोक्यात. आणि खर्जातली गुणगुण मला आवडते, तीही जाईल. मुलांना माझ्या आवाजाची सवय आहे. गॅसवाला फोनवर "साहेब" म्हणतो, तो काही माझा गळा कापण्याइतका महत्त्वाचा नाही.

तेव्हा सध्या ठरलंय ते असं. वर्षभर नेमाने रियाज. त्यानंतरही बोलताना पहारा ठेवून जीव थकत असेल, तर दुसऱ्या प्रकारचा विचार, तोही मे महिन्याच्या सुट्टीत, मौन पाळता येईल तेव्हा. आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न "किती चढेल?" हा नसेल, "वर्गात किती तास बोलता येईल?" हा असेल.

माझ्या मैत्रिणीने वेगळं ठरवलंय, पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन आहे. तिचं गणित वेगळं, उत्तर वेगळं. दोन्ही बरोबर.

असो. आई तेवढी काही बोलली नाही. परवा फक्त म्हणाली, "हाक मारलीस की मला कळतं तू आहेस ते, दोन्ही आवाजात." तिचं मत मी माझ्या बाजूने धरलंय.